सात फोटोंत मावलेलं गाव

ऑफिसच्या खिडकीतून वीतभर आकाश बघणाऱ्यांनी एकदा जेऊरला उतरून बघाच. पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावरचं, करमाळा तालुक्यातलं हे स्टेशन. इथून बाइक काढून उजनीच्या फुगवट्यावर पोहोचलात, की प्रश्न एकच: एवढं सगळं कॅमेऱ्यात मावणार कसं?

मोबाइलचा पॅनोरमा मोड आहे की! आहे, पण फोन फिरवेपर्यंत पक्षी उडतो आणि फोटोत त्याला दोन माना नाहीतर अर्धाच पंख येतो. त्यापेक्षा साध्या डिजिटल कॅमेऱ्याने सुटे फोटो काढून जोडणं बेस्ट.

माझ्यासाठी हा नुसता छंद नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झालं. त्याच्या पाण्यात जी गावं गेली, त्यात माझं आजोळही. कडक उन्हाळ्यात पाणी हटलं, की जोती उघडी पडतात. मग मामा काठावर उभा राहून हात लांब करतो, ‘हितं वेस व्हती. पार तिकडं, बाभळीच्या मागं, हीर.’ वेस एका फोटोत, विहीर दुसऱ्यात. सुट्या फोटोंवरून घरी कुणालाच काही उमगेना. म्हणून हा उद्योग.

काढायचे कसे?

कॅमेरा उभा धरा. मॅन्युअल मोडवर जा. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस एकदाच ठरवा. ऑटोवर ठेवलंत तर प्रत्येक फोटोत आकाशाचा रंग वेगळा, आणि जोडावर पट्टे! डावीकडून उजवीकडे या. आधीच्या फोटोचा एक तृतीयांश भाग पुढच्यात यायलाच हवा. वळताना कॅमेरा आपल्याभोवती फिरवू नका, आपण लेन्सभोवती फिरा. का? बोट डोळ्यांसमोर धरा आणि एकेक डोळा मिटून बघा. बोट उडी मारतं ना? जवळचं झुडूप फोटोत तशीच उडी मारतं आणि जोड फसतो.

जोडायचे कसे?

ह्यूजिन हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते शेजारच्या दोन फोटोंतल्या सारख्या खुणा शोधून त्या एकमेकींवर बसवतं. लाटा मात्र क्षणात बदलतात, त्यामुळे नुसत्या पाण्यावर त्याची गाडी अडते. प्रत्येक जोडात काठ, झाड, एखादं जोतं येऊ द्या. क्षितिज सरळ करा, कडा कापा, झालं!

१२ मेगापिक्सेलचे उभे सात फोटो असे जोडले, तर साधारण १५ हजार पिक्सेल रुंदीचं चित्र तयार होतं. पाच फूट लांब प्रिंट आरामात निघते.

आमची प्रिंट ओसरीवर अंथरली तेव्हा मामा आणि त्याच्या वयाची तिघं भोवती बसली. तासभर नुसती भांडणं! ‘ही जोती तुमची न्हवं, आमची!’ शेवटी मार्कर आणला. एकेका दगडावर नाव चढलं. दोन जोत्यांवर प्रश्नचिन्ह राहिलं, कारण ती घरं ओळखणारं आता कुणीच उरलेलं नाही.

तुमचंही असं एखादं गाव, वाडा, चाळ असेल. पुढच्या सुट्टीत जाऊन या. सात फोटो काढायला दहा मिनिटं पुरतात. नावं लिहायला मात्र मामा लागतो.