सेंद्रिय मासा म्हणजे कोणता?

माटुंग्याच्या सिटीलाइट बाजारात एका कोळणीच्या पाटीत पापलेट आणि बोंबील दिसतात, तर दुसरीच्या पाटीत तळ्यात वाढवलेले रोहू, कटला आणि कोळंबी. यांपैकी ‘सेंद्रिय’ कोणते, असे वर्गात विचारून पाहा. बहुतेक हात पापलेटसाठी वर होतील. खत नाही, औषध नाही, मग तेच सेंद्रिय!

उत्तर नेमके उलटे आहे. रसायनशास्त्राच्या अर्थाने प्रत्येक मासा सेंद्रियच. पण लेबलावरचा ‘सेंद्रिय’ हा शब्द पदार्थाचे नव्हे, उत्पादनपद्धतीचे वर्णन करतो. समुद्रातले पापलेट काय खाऊन वाढले, याची नोंद कोणाकडेच नसते. म्हणून ही मानके मत्स्यशेतीसाठीच असतात. भारताच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात ती आहेत. २०१७ च्या नियमांनुसार प्रमाणित सेंद्रिय अन्नावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह छापले जाते.

मानके मुख्यतः तीन गोष्टी पाहतात. पहिली गोष्ट दाटी. दाटीत पाण्यातला प्राणवायू कमी पडतो, रोग पसरतात आणि प्रतिजैविके वापरावी लागतात. म्हणून युरोपच्या नियमांत समुद्रातील पिंजऱ्यात दर घनमीटरला १० किलोपेक्षा जास्त सामन मासा ठेवता येत नाही. नॉर्वेत नेहमीच्या सामनशेतीची मर्यादा २५ किलो आहे.

दुसरी गोष्ट प्रजनन. तिलापियाचे नर लवकर वाढतात, म्हणून पिलांना खाद्यातून नर-संप्रेरक देऊन सगळेच नर बनवतात. कोळंबीच्या नेत्रदेठात अंडाशयाची वाढ रोखणारे संप्रेरक तयार होते. मादीने लवकर अंडी द्यावीत म्हणून बीज केंद्रांत तिचा एक नेत्रदेठ छाटतात. युरोपच्या सेंद्रिय नियमांत दोन्हींना मनाई आहे.

तिसरी आणि सर्वांत अवघड गोष्ट खाद्य. रोहू-कटला प्लवक आणि वनस्पतिजन्य खाद्यावर वाढतात. पण रायगडच्या तळ्यांत वाढवला जाणारा जिताडा मांसाहारी आहे. त्याला मासळी किंवा मासळीची भुकटी लागते आणि ती बहुधा समुद्रातूनच येते. एक मासा वाढवण्यासाठी दुसरे मासे उपसायचे, तर त्याला सेंद्रिय कसे म्हणावे? माणसासाठी पकडलेल्या मासळीचे डोके-शेपटीसारखे उरलेले भाग वापरावेत, हा युरोपने काढलेला एक मार्ग.

अमेरिकेत मात्र हा वाद सुटलेला नाही. तेथील सल्लागार मंडळाने २००८ मध्ये शिफारशी केल्या; अंतिम मानके अजून झालेली नाहीत. ती होईपर्यंत मासळीवर ‘सेंद्रिय’ लिहू नये, असा कायदा कॅलिफोर्नियाने २००५ मध्येच केला. म्हणजे युरोपातला सेंद्रिय सामन कॅलिफोर्नियात त्या नावाने विकता येत नाही. मासा तोच, व्याख्या वेगळी!

येथेच ग्राहकाचा प्रश्न येतो. प्रतिजैविकाचा अंश प्रयोगशाळेत सापडतो. पण पिंजऱ्यात किती दाटी होती, हे ताटातला तुकडा सांगू शकत नाही. जास्त पैसे आपण मोजतो ते तळ्यावरच्या नोंदवहीसाठी आणि ती तपासणाऱ्याच्या प्रामाणिकपणासाठी. आणि लेबल नाही म्हणून कोळणीचा ताजा बोंबील कमी दर्जाचा ठरत नाही.

विद्यार्थ्यांना बाजारात न्या आणि तीन प्रश्न विचारायला सांगा: मासा कुठला, बीज कुठून आले, खाद्य काय? यांची उत्तरे लिहून ठेवणे आणि ती पडताळता येणे, हेच प्रमाणीकरण.