पुस्तकाचे मोल आणि अचौर्यव्रत

गेल्या दशलक्षण पर्वातील गोष्ट. उत्तम शौचाचा, म्हणजे निर्लोभतेचा दिवस होता. अमरगोळच्या बाजार आवारातील लिलाव आटोपून मी उणकलला घरी परतलो, तेव्हा एका स्नेह्याने पाठविलेली एक गाजलेली मराठी कादंबरी माझ्या मोबाईलवर येऊन पडली होती. संपूर्ण कादंबरी, मुखपृष्ठासह, विनामूल्य! वाचण्यापूर्वीच मी ती आपल्या व्यापारी बंधूंच्या व्हॉट्सॲप समूहावर पुढे धाडली. अनेकांनी जोडलेल्या हातांची चित्रे पाठवून आभार मानले. सायंकाळी सूनबाईने सहज विचारले, "मामंजी, या पुस्तकाचे पैसे कोणी दिले?"

मी निरुत्तर झालो. सारा जन्म धान्याच्या घाऊक व्यापारात गेलेल्या माणसाला हा प्रश्न आधी स्वतःस सुचू नये, याची मला लाज वाटली. त्या लाजेतूनच प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आपल्या श्रावकाचारात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी खोटी मापे आणि भेसळ हे दोन व्यापाऱ्यास पाठच असतात. परंतु आणखी एक आहे, त्याचे नाव तदाहृतादान, म्हणजे चोराने आणलेली वस्तू आपण घेणे. चोरीचे पोते अर्ध्या भावात कोणी दारी आणून टाकले, तर आपल्यापैकी एकही सभासद ते उतरवून घेणार नाही. मग चोरीचे पुस्तक आपण आनंदाने का घेतो? कारण उघड आहे. पोते गेले की धन्याचे कोठार तेवढे रिते होते. पुस्तकाची नक्कल घेतली तरी मूळ प्रत जागच्या जागी राहते. म्हणून ती चोरी चोरीसारखी दिसत नाही.

येथे पुस्तकाच्या धंद्याचे गणित समजून घेतले पाहिजे. ज्वारीच्या प्रत्येक पोत्यामागे पेरणीपासून मळणीपर्यंतचे श्रम निराळे असतात. पुस्तकाचे तसे नाही. लेखकाची वर्षे, संपादकाचे व मुद्रितशोधकाचे श्रम, अक्षरजुळणी, चित्रकाराचे मानधन हा सारा खर्च पहिली प्रत निघण्यापूर्वीच होऊन जातो. पुढील प्रतीस कागद, छपाई आणि बांधणी लागते. ई-पुस्तकास तीही लागत नाही. "कागदच नाही, मग किंमत कसली?" असे ग्राहक म्हणतो ते यामुळेच. पण समजा, पहिल्या प्रतीपूर्वीचा खर्च एक लाख रुपये झाला आणि ग्राहक एक हजार आहेत. प्रत्येकाने शंभर रुपयांचा भार उचलला तरच तो खर्च फिटतो. पाचशे जणांनी फुकट घेतले, तर उरलेल्या पाचशेंवर दोनशेंचा भार पडतो, अथवा प्रकाशक बुडतो आणि लेखकाचे दुसरे पुस्तक निघतच नाही. सरकारचाही यात वाटा आहे. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. ई-पुस्तकावर मात्र प्रारंभी १८ टक्के होता. ज्यांची छापील आवृत्ती आहे अशा ई-पुस्तकांपुरता तो जुलै २०१८ मध्ये ५ टक्क्यांवर आला.

किंमत कोणी ठरवावी, यावरून अमेरिकेत मोठा वांधा झाला. ॲमेझॉन कंपनीने २००७ मध्ये किंडल हे वाचनयंत्र आणले आणि अनेक नवी पुस्तके खरेदीहूनही कमी भावात, ९ डॉलर ९९ सेंटला विकली. छापील पुस्तकाचा भाव पडेल या धास्तीने काही प्रकाशकांनी ई-पुस्तक महिने-महिने उशिरा काढण्यास प्रारंभ केला. पुढे २०१० मध्ये ॲपल कंपनीशी पाच मोठ्या प्रकाशकांनी करार केला, त्यात किंमत प्रकाशकाने ठरवावी आणि दुकानदाराने ३० टक्के घ्यावे असे ठरले. आपल्या भाषेत सांगायचे तर रोख खरेदीचा व्यवहार जाऊन अडत आली. अडतीत काहीच गैर नाही. परंतु सर्वांनी संगनमत करून भाव चढविला, असा निर्णय न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१३ मध्ये ॲपलविरुद्ध दिला. लिलावात साखळी करणे अधर्म आहे, हे बाजार आवारातील कोणीही सांगेल.

वेळेचेही तसेच आहे. नवा माल बाजारात कधी सोडावा, हे व्यापाऱ्याचे कौशल्य खरे. पण मालाची टंचाई झाली की चोरटा व्यापार फोफावतो, हेही आपण पाहिले आहे. मराठी पुस्तके किंडलवर डिसेंबर २०१६ पासून मिळू लागली, तरी कितीतरी चांगली पुस्तके अद्याप त्या रूपात नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, दुकाने व वाचनालये बंद पडली; वाचकाच्या हाती वेळ होता आणि पुस्तक नव्हते. त्या काळात पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ प्रती घरोघर फिरल्या. चोरीचे समर्थन मी करीत नाही. परंतु ज्या प्रकाशकाने रास्त किंमतीत, योग्य वेळी पुस्तक दिले नाही, त्याने चोराचे काम सोपे केले, एवढे म्हणावयास हरकत नसावी.

रास्त व्यवहाराचा धडा आपल्या शेजारीच आहे. धारवाडला जी. बी. जोशी यांनी १९३३ मध्ये मनोहर ग्रंथमाला सुरू केली. वर्गणीदारांनी आधी वर्गणी भरावी आणि ग्रंथमालेने त्यांना अल्प मोलात पुस्तके द्यावी, अशी तिची रीत. गिरीश कार्नाड यांची नाटके याच ग्रंथमालेने प्रसिद्ध केली. मराठीत १९७४ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या ग्रंथाली चळवळीने सभासद वाचकांच्या बळावर पुस्तके स्वस्त दिली. दया पवारांचे 'बलुतं' तिनेच १९७८ मध्ये प्रकाशित केले. पुस्तक स्वस्त करण्याचा प्रामाणिक मार्ग आहे, तो हा. ग्राहक आधीच निश्चित असला की व्यापारी कमी नफ्यावर माल देऊ शकतो.

येथे एक जाणता सभासद विचारील, "मग धवला ग्रंथाचे काय?" प्रश्न रास्त आहे. मूडबिद्रीच्या भांडारात जुन्या कन्नड लिपीतील ताडपत्रांवर हा ग्रंथ शतकानुशतके बंद होता. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद व मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्या खटपटीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याची नक्कल सुरू झाली. पुढे विश्वस्तांच्या संमतीविना एक नक्कल बाहेर गेली. अखेर १९३९ मध्ये अमरावतीचे प्राध्यापक हिरालाल जैन यांनी पहिला खंड प्रकाशात आणला, आणि १९५८ पर्यंत सोळा खंड पुरे झाले. ती नक्कल बाहेर गेली नसती, तर आज तो ग्रंथ किती जणांस वाचता आला असता?

परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. वीरसेनाचार्यांनी नवव्या शतकात लिहिलेल्या ग्रंथावर कोणाची चूल अवलंबून नव्हती. आणि तो ग्रंथ छापून निघाला, तो फुकट निघाला नाही. भेलसा, म्हणजे आजच्या विदिशेच्या शेठ लक्ष्मीचंद यांच्या देणगीने त्या प्रकाशनाचा पाया घातला. 'पैसे कोणी दिले' या प्रश्नाला तेथे उत्तर आहे. माझ्यापाशी नव्हते.

कायदाही हाच विवेक करतो. १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क आता त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो, मग ते लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. म्हणून २०११ पासून 'श्यामची आई' कोणीही छापावी, वाटावी, त्यात दोष नाही. उलट 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत २००२ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवर २०६२ अखेरपर्यंत हक्क आहे. जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. तथापि शिक्षेच्या भयाने पाळले, त्याला व्रत म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ती कादंबरी समूहावरून काढून टाकली, क्षमा मागितली आणि छापील दोन प्रती मागविल्या. एका मित्राने लिहिले, "फुकटचा माल परत घेऊन पैसे भरा म्हणणारा व्यापारी आजच पाहिला!" मी त्यांस रागावलो नाही, आदल्या दिवशी मीही तेच म्हटले असते.

सबब सर्व सभासदांस माझी विनंती आहे. समूहावर पुस्तक पाठवू नये, ते कोठे मिळते एवढेच कळवावे. ई साहित्य प्रतिष्ठानसारख्या संस्थांनी लेखकांच्या संमतीने विनामूल्य दिलेली पुस्तके मात्र अवश्य वाटावी. आणि आपल्या संघाने दरवर्षी थोडी रक्कम काढून नव्या मराठी व कन्नड पुस्तकांचे प्रकाशनपूर्व ग्राहक व्हावे. आपल्या पूर्वजांनी ग्रंथांसाठी थैल्या मोकळ्या केल्या. आपल्याला तर केवळ किंमत द्यावयाची आहे. पुढील वर्षी सूनबाईने तोच प्रश्न विचारला, तर माझ्या दप्तरात पावती असेल.

जय जिनेंद्र.