जाणिवेपलीकडचे प्रयोग – भाग 7 : पाणाड्याची परीक्षा

डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये घेतलेली फलज्योतिषाची चाचणी आपण गेल्या आठवड्यात पाहिली. 27 ज्योतिष्यांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहून मूल हुशार की बौद्धिकदृष्ट्या अक्षम हे सांगितले. बरोबर उत्तरे निघाली सरासरी 46 टक्के, म्हणजे नाणेफेकीहून काही सरस नाहीत. तिथे खरे उत्तर चाचणी घेणाऱ्यांना आधीच ठाऊक होते. सोयगावच्या कापसाच्या रानात जमिनीखालचे पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याची परीक्षा घ्यायची, तर उत्तर जमिनीखाली असते आणि ते पाहायला बोअरच्या गाडीचे पैसे मोजावे लागतात.

पाणाड्या रानातून चालत जातो आणि पाणी असल्याचे मानले जाते तिथे तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहू लागतो, किंवा दोन्ही मुठींत धरलेली बेचकीची ओली फांदी खाली वळते. बहुतेक पाणाडे लबाड नसतात, असे माझे मत आहे. फांदी खरोखर वळते. ती आपणच वळवतो हे मात्र त्यांना जाणवत नाही. मनात अपेक्षा असली की स्नायू नकळत हलतात, हे विल्यम कारपेंटर यांनी 1852 मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडे यांनी आपोआप फिरणारे म्हणून गाजलेले टेबल भोवती बसलेल्यांचे हातच ढकलतात, हे प्रयोगाने दाखवले. ताणून धरलेली फांदी तर मनगट किंचित कलले तरी झटक्यात फिरते. हातचलाखी असती तर एखाद्या जादूगाराने ती पकडली असती. इथे माणूस खरे तेच सांगत असतो, आणि तरीही त्याचे म्हणणे तपासायचे असते.

दुसरी अडचण खडकाची. अजिंठ्याची लेणी सोयगाव तालुक्यातच आहेत. ती ज्या काळ्या पाषाणात कोरली, तोच पाषाण रानाखाली थरांवर थर पसरला आहे. अखंड कातळात पाणी जवळजवळ नसते. ते मुरुमात, मांजऱ्या खडकात आणि भेगांत साठते. असे थर बरेच लांब पसरलेले असल्याने पुष्कळ ठिकाणी थोडेफार पाणी लागतेच. म्हणून ‘दाखवलेल्या जागी लागले’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. पाणाड्याने ‘इथे नाही’ म्हटलेल्या जागीही बोअर घेऊन पाहायला हवे. पण कोरड्या भोकासाठी कोणता शेतकरी पैसे घालेल? शिवाय लागलेल्या पाण्याची गोष्ट गावभर होते आणि कोरड्या गेलेल्या बोअरचा विषय घरातही कुणी काढत नाही.

जर्मनीत कासेल येथे 1990 मध्ये यावर चांगली तोड काढली गेली. जमिनीत सुमारे अर्धा मीटर खोल प्लास्टिकचा पाइप पुरला आणि त्यातून पाणी वाहते की बंद आहे, एवढेच ओळखायला सांगितले. 30 पाणाडे आले. अटी त्यांना आधी दाखवल्या होत्या, आणि आपण ओळखू अशी त्यांची खात्री होती. निकाल अंदाजपंचे उत्तरांइतकाच लागला.

असा प्रयोग सोयगावातही फारशा खर्चाशिवाय करता येईल. पण आधी उघड फेरी घ्यावी. पाणी चालू आहे हे सांगून फांदी वळते का ते पाहावे, आणि जागा ठीक आहे, दिवस ठीक आहे, हे पाणाड्याकडूनच लिहून घ्यावे. मगच पाणी चालू की बंद हे न सांगता झाकलेल्या फेऱ्या सुरू कराव्यात. निकाल लागल्यावर वेळ, ग्रह, लोकांच्या नजरा अशी कारणे पुढे येतात, त्यांना आधीच उत्तर द्यायचा एवढाच मार्ग आहे. पाणाड्यासोबत उभ्या असलेल्या माणसालाही पाइपचा कॉक उघडा की बंद हे कळता कामा नये. त्याच्या चेहऱ्यावरूनही उत्तर मिळू शकते. किती उत्तरे बरोबर आली तर यश मानायचे, तो आकडा सुरुवातीलाच कागदावर हवा.

धोका मला दोन ठिकाणी दिसतो. पाणी न लागल्यास ‘झरा बाजूला सरकला’ म्हणून दुसरा बोअर घेतला जातो, तिसरा घेतला जातो, आणि प्रत्येक वेळी कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर चढते. दुसरा धोका परीक्षा घेणाऱ्याकडूनच असतो. अनेक पाणाडे ओळखीच्या माणसाकडून पैसेही घेत नाहीत. गावात त्यांना मान असतो. त्यांना चारचौघांत खोटे पाडले तर गाव प्रयोग विसरून अपमानच लक्षात ठेवेल, आणि पुढचा बोअर पुन्हा फांदीलाच विचारून घेतला जाईल. म्हणून गर्दी नको, मोबाइलवर चित्रीकरण नको. निकाल आधी त्या पाणाड्यालाच, त्याच्या ओसरीवर बसून सांगावा, आणि तो गावाला कसा सांगायचा हेही त्यालाच विचारावे.

(पुढील भागात : प्लँचेट)