विजेची हजेरी



माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कामगारांच्या हजेरीपटावर. तेव्हा विजेचा हिशेबही मी त्याच भाषेत मांडणार आहे.

पाणी, वारा आणि ऊन ही कधी न सरणारी साधने. त्यांपैकी पाण्यावरची वीज आपल्याला नवी नाही. खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली ती १९१५ साली. उन्हाच्या विजेचा देशव्यापी कार्यक्रम मात्र २०१० चा. २०२२ पर्यंत वीस हजार मेगावॉट उभारावयाचे, असा त्या वेळचा संकल्प होता. २०१५ साली तो एक लाखावर नेला. मुदत दोन वर्षांनी हुकली, पण २०२५ च्या आरंभी तो आकडा गाठला गेला. त्याच वर्षी देशाच्या एकूण वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल व वायू न जाळणारी झाली. मोठी धरणे आणि अणुवीज त्यात धरली आहेत. जगाला दिलेला हा शब्द २०३० चा होता. तो पाच वर्षे आधी पाळला. ही गोष्ट अभिमानाची खरीच.

पण क्षमता म्हणजे पटावरची नावे. प्रत्यक्ष कामावर आले किती? सूर्य हा दिवसपाळीचा कामगार. पावसाळ्यात त्याचे खाडे फार. शंभर मेगावॉटचे सौरकेंद्र वर्षाच्या सरासरीने वीस-पंचवीस मेगावॉटच देते. म्हणून पटावर निम्मे असूनही, २०२४-२५ साली तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक होता. दिवेलागणीला मागणी चढते, तेव्हा सूर्य पाळी संपवून गेलेला असतो.

यावर उपाय आहे तो साठवणुकीचा. सह्याद्रीत घाटघर येथे २००८ पासून अडीचशे मेगावॉटचे केंद्र चालते. विजेची मागणी कमी असते त्या वेळी खालच्या तलावातले पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करावयाची. चढवायला लागते त्याहून थोडी कमी वीज परत मिळते, परंतु हवी त्या वेळी मिळते. अशी केंद्रे, मोठ्या विद्युतघट-माला आणि वीज वाहून नेणाऱ्या तारा वाढतील, तेव्हाच उन्हाची वीज रात्रपाळीला उभी राहील.

आता ज्या गोष्टीसाठी मी येथे उभा आहे ती सांगतो. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मुळशीचे शेतकरी धरणाविरुद्ध लढले. वीज मुंबईची झाली, जमीन मावळातली बुडाली. ती वीज कोळशाची नव्हती, पाण्याची होती. वीज स्वच्छ असली म्हणजे व्यवहार आपोआप स्वच्छ होतो असे नव्हे. सौरकेंद्र उभारताना पुष्कळ हात लागतात, बहुतेक कंत्राटी. उभे राहिल्यावर थोडेच उरतात. चंद्रपूरच्या कोळसा खाणींवर आणि तेथल्या औष्णिक केंद्रावर ज्यांची चूल पेटते, त्यांनी उद्या काय करावे? त्यांचे नवे शिक्षण, पेन्शन आणि पर्यायी काम यांची तरतूद खाण बंद होण्याआधी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

मेगावॉट जरूर मोजा. त्याच वहीत ही माणसेही मोजा, एवढेच माझे मागणे आहे.