'मर्यादेत पितो' म्हणजे किती?

पंचशीलातील पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेच्या वेळी ग्रहण करतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या लाखो अनुयायांना ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. मग 'कमी धोक्याचे मद्यपान' या विषयावर स्मरणिकेत लेख कशासाठी, असा प्रश्न ज्येष्ठ उपासक-उपासिकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु शील ग्रहण करणाऱ्यांपैकीच काही जण संध्याकाळी पितात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्यांना विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते : "मी मर्यादेत पितो." मर्यादा म्हणजे नेमकी किती, हे मात्र सांगता येत नाही. वैद्यकशास्त्राने ही मर्यादा आकड्यांत मांडलेली आहे. ती कोणत्या गटातील माणसे पाळतात, कोणती पाळत नाहीत आणि आपल्याकडे ती पाळली जाणे इतके अवघड का, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विद्यार्थी मित्रांनी त्यातील हिशेब स्वतः करून पाहावा, अशी विनंती आहे.

प्रथम मर्यादा पाहू. ब्रिटनमध्ये १९८७ साली डॉक्टरांच्या संस्थांनी आठवड्याला पुरुषांसाठी २१ आणि स्त्रियांसाठी १४ युनिट अशी मर्यादा सांगितली. २०१६ साली ती दोघांसाठीही १४ युनिट करण्यात आली, आणि तीही एकाच दिवशी न घेता तीन किंवा अधिक दिवसांत विभागून. तेथील एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ऑस्ट्रेलियाने २०२० साली आठवड्याला जास्तीत जास्त १० आणि कोणत्याही एका दिवशी ४ 'प्रमाण पेये' असा नियम केला. तेथील प्रमाण पेयात १० ग्रॅम अल्कोहोल धरतात. कॅनडातील तज्ज्ञांनी तर २०२३ साली आठवड्याला दोन पेयांपर्यंतच धोका कमी राहतो, असे जाहीर केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले, की पूर्णपणे निर्धोक असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. संघटनेच्या कर्करोग संशोधन विभागाने मद्याला १९८८ सालीच निश्चित कर्करोगकारकांच्या यादीत घातले आहे. गेल्या काही दशकांत मर्यादेचा आकडा एकंदरीत खालीच येत चालला आहे. म्हणून 'थोडी घेतली तर हृदयाला चांगली' हे जुने वाक्य आता कोणी ऐकवू नये.

आता हाच आकडा पुण्यातल्या बाटलीला लावून पाहू. हिशेब सोपा आहे. मिलिलिटर गुणिले बाटलीवर छापलेले टक्के, भागिले एक हजार, म्हणजे ब्रिटिश युनिट. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या व्हिस्की, रमची तीव्रता सामान्यतः ४२.८ टक्के असते. क्वार्टर, म्हणजे ज्याला चपटी म्हणतात ती, १८० मिलिलिटरची. म्हणजे तिच्यात ७.७ युनिट झाले. आठवड्याच्या मर्यादेचा अर्ध्याहून अधिक भाग एका चपटीत संपतो आणि दुसरी चपटी संपण्यापूर्वीच आठवडा संपतो! ऑस्ट्रेलियाच्या हिशेबाने एका चपटीत सहा पेये होतात, आणि तेथे दिवसाची कमाल मर्यादा चार आहे. ६० मिलिलिटरचा एक 'लार्ज' अडीच युनिटांच्या वर जातो. ६५० मिलिलिटरची स्ट्राँग बिअर आठ टक्क्यांची असेल तर ५.२ युनिट. 'बिअर म्हणजे दारू नव्हे' असे म्हणणाऱ्या तरुणांनी हा आकडा लक्षात ठेवावा. दोन स्ट्राँग बाटल्या एका चपटीपेक्षा जास्त भरतात. रोज संध्याकाळी 'फक्त एक क्वार्टर' घेणारा माणूस आठवड्याला ५४ युनिट पितो, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. तो स्वतःला मर्यादेत पिणारा समजतो, कारण तो रस्त्यात पडत नाही आणि सकाळी कामावर जातो.

गंमत अशी, की आपल्या राज्याच्या परवाना पद्धतीतही 'युनिट' हा शब्द आहे, पण तेथे एक युनिट म्हणजे मद्याची एक पूर्ण मोठी बाटली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो. बिअर व वाइनसाठी वय २१ पूर्ण आणि इतर दारूसाठी २५ पूर्ण असावे लागते. हा कायदा किती पाळला जातो ते सांगण्याची गरज नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी चालवणारा अल्पवयीन होता आणि त्याआधी तो मित्रांसह पबमध्ये दारू प्यायला होता, असे पोलिसांचे म्हणणे आहे. त्यानंतर शहरातल्या पबवर काही काळ कारवाई झाली. वयाचा नियम मात्र त्यापूर्वीही कागदावर होताच.

गटवार विचार करू लागलो की पहिली गोष्ट दिसते ती ही, की आपल्याकडील बहुसंख्य प्रौढ माणसे पीतच नाहीत. २०१९ ते २१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी आणि स्त्रियांपैकी अर्ध्या टक्क्याहून कमी जणींनी दारू पीत असल्याचे सांगितले. संपूर्ण देशात हे प्रमाण पुरुषांत १९ टक्क्यांच्या आसपास आहे. शहरापेक्षा खेड्यात थोडे जास्त, शिक्षण वाढत जाईल तसे कमी आणि आदिवासी समाजात सर्वांत जास्त, असा साधारण कल आहे. अर्थात घरी येऊन विचारणाऱ्या अनोळखी बाईंना, तेही घरच्यांसमोर, सगळेच खरे सांगत असतील असे मानू नये. स्त्रियांच्या बाबतीत तर नाहीच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. या पाहणीत 'किती वेळा पिता' असे विचारतात, 'एका वेळी किती' असे विचारत नाहीत. त्यामुळे पिणाऱ्यांपैकी किती जण मर्यादेच्या आत आहेत, हे तिच्यातून कळत नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक, म्हणजे सुमारे सोळा कोटी, दारू पितात असे आढळले. त्यांपैकी ५.७ कोटी लोकांचे पिणे हे अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीचे होते. पिणाऱ्या तिघांमागे एकाहून अधिक! येथे 'मर्यादा ओलांडली' एवढाच अर्थ नाही, तर मदतीची गरज पडावी इतके नुकसान झालेले आहे. पिणारे थोडे, पण पिणारा मात्र एका बैठकीत चढेपर्यंत पिणार, असे आपल्या देशातील मद्यपानाचे रूप आहे. जेवणाबरोबर एक पेला घेऊन उठणारा माणूस आपल्याकडे विरळाच. बाटली उघडली की संपवायची, ही रीत आहे, आणि बाटलीचे मापच मर्यादेबाहेरचे आहे.

ब्रिटनशी तुलना केली तर एक चमत्कारिक बाब दिसते. इंग्लंडमध्ये १४ युनिटांची मर्यादा ओलांडणाऱ्यांत पुरुष दहांत सुमारे तीन आणि स्त्रिया त्याच्या निम्म्या. वयाने पाहिले तर विशीतल्या तरुणांपेक्षा पंचावन्न ते चौसष्ट वयाचे लोक जास्त ओलांडतात. उत्पन्नाने पाहिले तर गरिबांपेक्षा सुखवस्तू जास्त ओलांडतात. म्हणजे सल्ला न पाळण्यात शिकले-सवरलेले पुढे. परंतु दारूमुळे रुग्णालयात जाणे आणि मरणे मात्र गरीब वस्त्यांत जास्त. तज्ज्ञ याला विरोधाभास म्हणतात. त्याची कारणे आपल्याला परकी वाटू नयेत : अपुरे अन्न, जोडीला तंबाखू, एकाच दिवशी भरमसाट पिणे, आजार अंगावर काढणे. हिंजवडीच्या कंपनीतला अभियंता शनिवारी चार 'लार्ज' घेतो आणि मार्केट यार्डातला हमाल रोज संध्याकाळी रिकाम्या पोटी चपटी घेतो. मर्यादा दोघेही मोडतात. पण एकाच्या घरी विमा आहे, दुसऱ्याच्या घरी दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडाली तर चूल पेटत नाही. गटारात उतरणारे कामगार दुर्गंधी सहन होत नाही म्हणून पितात, हे तर त्यांच्याच तोंडून ऐकावे. त्यांना मर्यादेचे पत्रक देण्यापूर्वी यंत्र, गमबूट आणि हातमोजे द्यावयास हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही जणांसाठी तर मर्यादेचा आकडा शून्यच आहे. गरोदर स्त्री, अठरा वर्षांखालील मुले, यकृताचा आजार असलेले, क्षयरोगाची औषधे चालू असलेले रुग्ण, आणि गाडी चालवणारा. क्षयाच्या गोळ्यांचा यकृतावर आधीच ताण असतो. त्यात दारू पडली तर कावीळ होते, गोळ्या थांबवाव्या लागतात आणि क्षय उलटतो. तंबाखू किंवा गुटखा खाणाऱ्याने दारूही घेतली तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेने नव्हे, तर त्याहून कितीतरी अधिक वाढतो. हातभट्टीला तर कसलीच मर्यादा लागू पडत नाही, कारण तिच्यात अल्कोहोल किती आणि मिथेनॉलचे विष किती, हे गाळणाऱ्यालाही ठाऊक नसते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत अशा विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

दारूचा प्रश्न पुण्याला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० साली त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध पत्र लिहिले होते. त्या काळी सरकारला दुकानांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचा मोह होता. आज राज्याच्या तिजोरीत दारूवरील करापोटी वर्षाला वीस हजार कोटींहून अधिक रुपये येतात. सल्ला देणारे खाते वेगळे आणि कर मोजणारे खाते वेगळे!

मग नुसत्या सल्ल्याने काही होते का? याचे उत्तर आपल्या शेजारीच, गोव्यात, शोधले गेले आहे. तेथील 'संगाथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. निम्म्यांना नेहमीचे उपचार, तर निम्म्यांना त्यांसोबत थोड्या बैठकांचे समुपदेशन मिळाले. समुपदेशन करणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले. दुसऱ्या गटात २६ टक्के. फरक फार मोठा नाही, पण खरा आहे. आणि प्रशिक्षण घेतले तर असे काम आपल्या विहारातील शिकलेली मुले-मुलीही करू शकतील. अट एकच, समोरच्याला 'दारुडा' म्हणून सुरुवात करू नये. जो लाजतो तो आकडा लपवतो, आणि आकडा लपला की काहीच करता येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची एक तपासणी तयार केली आहे. तिचे नाव 'ऑडिट'. प्रत्येक उत्तराला शून्य ते चार गुण मिळतात. एकूण आठ किंवा अधिक आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे समजतात. त्यातला तिसरा प्रश्न असा, की एका वेळी सहा किंवा अधिक पेये आपण किती वेळा घेता. वर केलेला हिशेब आठवावा : सहा पेये म्हणजे एक चपटी. रोज चपटी घेणाऱ्याला या एकाच प्रश्नाचे चार गुण पडतात.

गुण वीसच्या आसपास किंवा वर गेले तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. पुण्यात येरवड्याला 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने १९८६ साली ते सुरू केले. शासनाची व्यसनमुक्तीसाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे, आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभाही शहरात भरतात. तेथे नाव विचारले जात नाही.

घरच्यांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून, खोलीत कोंडून एकदम दारू तोडायला लावू नये. शेवटच्या घोटानंतर काही तासांतच हात थरथरणे, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होऊन नसलेली माणसे दिसू लागतात. यात माणूस दगावू शकतो. ही लक्षणे औषधांनी आटोक्यात येतात. म्हणून दारू सोडण्याचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवावा, आणि फिट आली किंवा भ्रम सुरू झाला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात न्यावे.