सोय आणि सोयरीक

वांद्रे-कुर्ला संकुलाच्या पोटात, जपानी शिंकानसेन तंत्रावर धावावयाच्या अहमदाबादच्या गाडीसाठी, भूमिगत स्थानकाचे काम चालले असता, आमच्या वांद्र्यात जपानी शिकू म्हणणारी मंडळी भेटावीत यात नवल नाही. परंतु त्यांच्या उत्साहासोबत काही समजुतीही इतक्या ठामपणे नांदतात की, त्यांची एकदा झडती घेणे इष्ट.

पहिली समजूत खास वांद्र्याला शोभणारी. 1534 च्या वसईच्या तहाने जो मुलूख पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेला, तेथे जपानी ‘अरिगातो’ हा पोर्तुगीज ‘ओब्रिगादो’चाच अवतार, असे कोणी सांगितले की ते ताबडतोब पटते. वस्तुस्थिती निराळी आहे. पोर्तुगीज जपानच्या किनाऱ्याला लागले 1543 साली. ‘अरिगातो’ ज्यापासून आला तो ‘अरिगाताशी’, म्हणजे ‘असणे दुर्लभ’, हा शब्द सेइ शोनागोन या दरबारी लेखिकेने त्यापूर्वी पाचशेहून अधिक वर्षे वापरलेला आहे. पोर्तुगिजांनी जपानला खरोखर दिला तो ‘पान’, अर्थात आपला पाव. एकाच आईची ही दोन लेकरे, एक तिकडे वाढले आणि दुसरे आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत.

‘नाव’ला जपानीत ‘नामाए’ म्हणतात, एवढ्या एका दाखल्यावर त्या भाषेला संस्कृतची नात ठरविणारेही थोडे नाहीत. हा निव्वळ योगायोग. क्रियापद वाक्याच्या अंती येते आणि ‘चा-ची-चे’च्या जागी ‘नो’ बसतो, यामुळे मराठी माणसाची सोय होते खरी. पण सोय म्हणजे सोयरीक नव्हे.

खरे ऋण शोधावयाचे तर ते अक्षरांच्या क्रमात सापडते. जपानी मूल ‘आ, इ, उ, ए, ओ’ घोकून पुढे ‘क, स, त, न, ह, म, य, र, व’ अशा ओळी म्हणू लागते, तेव्हा ते बौद्ध भिक्षूंच्या सिद्धम् लिपीच्या अध्ययनातून तेथे रुजलेला संस्कृत वर्णमालेचाच क्रम गिरवीत असते. प-वर्गाच्या जागी ‘ह’ दिसतो तोही अकारण नव्हे. त्या ‘ह’चा प्राचीन उच्चार ‘प’ होता. आपल्याकडे धुळाक्षरे काढणारी पोरे ‘ओनामासी धं’ म्हणत, ते मुळात ‘ॐ नमः सिद्धम्’. त्याच सिद्धम्‌ला जपानी लोक ‘शित्तान’ म्हणतात.

आचाराविषयीचा खुलासा थोडक्यात. जपानी माणूस भेटताच हात जोडावेत, हे आपल्या चित्रपटांनी शिकविले. तेथे हात जोडतात ते बुद्धमूर्तीपुढे किंवा जेवणापूर्वी, आणि भेटीत केवळ कमरेतून लवतात. परक्याने किमोनो नेसणे हा अपमान, ही भीतीही अनाठायी; क्योतोत तो पर्यटकांना भाड्याने देणारी दुकानेच आहेत. मात्र डावा पदर उजव्यावर यावा. उलट बाजूने तो केवळ मृतास नेसवितात. भातात काड्याही उभ्या रोवू नयेत. ते पान मृतापुढचे, आणि दहाव्याचा पिंड पाहिलेल्यास अधिक सांगणे नलगे.

‘सान’ म्हणजे आपला ‘राव’, हे समीकरण मीही पाठ केले होते, आणि पहिल्याच तासाला स्वतःच्या आडनावापुढे ‘सान’ लावून मोठ्या ऐटीत ओळख करून दिली. हा मान दुसऱ्याला द्यावयाचा, स्वतः घ्यावयाचा नव्हे. बाईंनी चूक दाखविली नाही. तेच वाक्य ‘सान’ वगळून स्वतःच्या नावाने म्हटले आणि किंचित लवून माझ्याकडे पाहिले. मी पुन्हा म्हटले, ‘सान’सकट.