बिलाने स्वतःला छापू नये

समजा, बंगळुरूत बेळ्ळंदूरच्या आउटर रिंग रोडवरील एखाद्या टेक पार्कात कुणी मराठी मुलगी दुकानांसाठी बिलिंगचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहितेय. छपाईचा कोड कुठल्या क्लासमध्ये घालायचा?

‘बिल’ या क्लासलाच ‘छाप’ ही मेथड देण्याचा मोह होतो. तो टाळावा. बिलाला माल, दर आणि जीएसटी कळला की पुरे. कागद २१० मिमी रुंदीचा ए-४ आहे की काउंटरवरचा ८० मिमीचा रोल, याच्याशी त्याला काय देणंघेणं? बटणामागेही हा कोड कोंबू नये, नाहीतर रात्री आपोआप बिलं छापायची तर खिडकी उघडी हवी! माहिती आणि तिचं दर्शन वेगळं ठेवण्याचा विचार संगणकतज्ज्ञ ट्रिग्व्हे रीन्सकॉग यांनी झेरॉक्स पार्क (PARC) या संशोधन केंद्रात १९७९ सालीच मांडला होता.

म्हणून छपाईचा क्लास वेगळा. तो बिल वाचतो, पानं आखतो, बस्स. बिलात बदल मात्र करत नाही. ही अट महत्त्वाची, कारण जावाची ‘प्रिंटेबल’ व्यवस्था एकाच पानासाठी ‘प्रिंट’ मेथड अनेकदा बोलावू शकते. नवा बिल क्रमांक तिथेच तयार केलात, तर कागद एक आणि क्रमांक दोन-तीन खर्ची. जीएसटीला क्रमांक सलग लागतात. मग खुलासे देत बसा.

मापंही ठिपक्यांत नको, मिलिमीटरमध्ये ठेवा. पडद्यावर इंचाला साधारण ९६ ठिपके, लेझर प्रिंटरवर ६००. एका ठिपक्याची रेघ कागदावर जेमतेम दिसते.

तुमच्या ‘बिल’ क्लासमध्ये प्रिंटरचा उल्लेख सापडतोय का, तेवढं आज तपासा.